अकस्मात मरण

(प्रतापनगर, नागपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटच्या परिसरात माळावर दगडांची वर्तुळे आहेत. 4 सप्टेंबर 1863 रोजी ती वर्तुळे पाहून मिशनरी स्टीफन हिस्लॉप बोरीच्या मुक्कामाकडे परत निघाले आणि वाटेत पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून गेले. आणखी चार दिवसांनी त्यांना 46 वर्षे पूर्ण झाली असती. 1845 मध्ये ते स्कॉटलंडहून इथे आले, शाळा काढली, जीवाश्म आणि दगडगोटे जमवले, गोंडांच्या कथा टिपून ठेवल्या. त्यांचे ते कागद पुढे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले, तेव्हा कुठे त्या माणसाने किती काम अर्धे टाकले होते हे लोकांना कळले. ज्या हिस्लॉप कॉलेजात आपल्यापैकी काही जण शिकले, ते त्यांच्या नावाने 1883 मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे वीस वर्षांनी निघाले.

ती दगडी वर्तुळे म्हणजे लोहयुगातली थडगी आहेत. टाकळघाट, जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड अशी ती आपल्या नागपूरच्या चहूकडे पसरलेली आहेत. उत्खननांत त्यांच्यात मडकी सापडली, लोखंडी हत्यारे सापडली, घोड्यांचे अवशेष आणि घोड्यांचे तांब्याचे दागिनेही सापडले. मेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासाला लागेल ते सगळे बरोबर देऊन, वर दगड रचून ठेवणारी ती माणसे. मरणाची एवढी जय्यत तयारी करणाऱ्यांची थडगी पाहून परतताना एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला तयारीला एक घटकाही मिळू नये, याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणा. मला मात्र आजचा विषय तिथूनच सुरू झाला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर ख्रिस्ती नव्हते. या सभागृहातही ख्रिस्ती मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात. तेव्हा आधीच सांगतो, मी कुणाला काही विकायला आलेलो नाही. मरणाच्या खाटेशी धर्म घेऊन जाणाऱ्यांबद्दल आपल्या समाजात संशय आहे, आणि तो सगळाच खोटा आहे असेही नाही. त्यावर पुढे येईनच. पण एका परंपरेने दोन हजार वर्षे ज्या गोष्टीचा विचार केला, तो विचार शेजारच्या घरातला म्हणून ऐकायला हरकत नसावी.

जुन्या ख्रिस्ती विनवण्यांमध्ये एक मागणे असायचे. वादळ, रोगराई, दुष्काळ, लढाई, खून यांच्यापासून सोडव, असे म्हणत म्हणत शेवटी अकस्मात मरणापासूनही सोडव, अशी विनवणी केली जाई. हिस्लॉप यांच्या स्कॉटिश पंथात छापील प्रार्थना म्हणायची चाल नव्हती. पण अँग्लिकन मंडळी हे मागणे नेमाने म्हणत, कॅथलिकांच्या संतांच्या विनवणीतही ते होते. आता आपण आज काय मागतो ते पाहा. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागातल्या कुठल्याही बागेत सकाळी फिरायला आलेल्या सत्तरीच्या मंडळींना विचारा, मरण कसे हवे? उत्तर ठरलेले. चालताबोलता जावे, झोपेत जावे, कुणाला त्रास देऊ नये. शेजारी कुणी असा गेला की सहकारनगर घाटावरून परतताना लोक म्हणतात, पुण्यवान माणूस, कळलेसुद्धा नाही.

पूर्वज ज्या मरणापासून वाचव म्हणत होते तेच आपण वर म्हणून मागतो आहोत. ख्रिस्ती मंडळीही याला अपवाद नाहीत. आमच्या चर्चमधले लोकही हेच मागतात.

याचे कारण उघड आहे, आणि मी त्याची थट्टा करणार नाही. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर रात्र काढलेल्या माणसाला नळ्यांमध्ये गुंतलेले मरण नको वाटते. एक मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, घरात दोघेच म्हातारे. अंथरुणाला खिळलो तर करणार कोण, हा प्रश्न खरा आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडच्या लाटेत या शहराने जे पाहिले त्यानंतर तर कुणाला उपदेश करायची माझी हिंमत नाही. पण आपल्याला भीती नेमकी कशाची वाटते तेवढे वेगळे काढून पाहा. मरणाची थोडी, आणि दुसऱ्याच्या हाताने पाणी प्यावे लागेल याची फार.

जुन्या माणसांची भीती निराळी होती. भांडण मिटवायचे राहील, घेतलेले परत द्यायचे राहील, ज्याची क्षमा मागायची त्याला बोलावणे राहील, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा राहील, या सगळ्याला वेळ मिळणार नाही, ही ती भीती. मरणाआधी थोडा वेळ मिळणे हीच त्यांच्या लेखी देवाची कृपा होती.

पंधराव्या शतकाच्या आरंभी, 1415 च्या सुमारास, युरोपात 'आर्स मोरिएंदी' म्हणजे मरण्याची कला या नावाचे लॅटिन पुस्तक निघाले. आधीच्या शतकातल्या प्लेगने गावेच्या गावे ओस पडली होती. मरणाऱ्याजवळ पोचायला धर्मगुरूही पुरत नव्हते, म्हणून सामान्य माणसाने आपल्या माणसाच्या खाटेशी बसून काय करावे याची ती पुस्तिका. वाचता न येणाऱ्यांसाठी तिच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांच्या आवृत्त्या निघाल्या. मरणाऱ्याला पाच मोह होतात असे तिच्यात आहे. श्रद्धा सुटणे, निराश होणे, अधीर होणे, आपल्या पुण्याचा गर्व वाटणे आणि मालमत्तेत जीव अडकणे. मला यांतला चौथा मोह सगळ्यांत मार्मिक वाटतो. आयुष्यभर सचोटीने वागलेल्या माणसालाच तो गाठतो. मी कुणाचे वाईट केले नाही, असे म्हणत गेलेली किती माणसे आपण पाहिली आहेत! आणि त्यांच्या घरातली माणसे त्या वेळी मान खाली घालून उभी असतात.

पुढे 1519 मध्ये मार्टिन लूथरने मरणाच्या तयारीवर एक प्रवचन लिहिले. बंडखोर म्हणून गाजू लागलेल्या या माणसाच्या प्रवचनाची सुरुवात कशाने व्हावी? मालमत्तेच्या व्यवस्थेने. आपल्यामागे नातलगांत तंटा राहू नये म्हणून आधी जे काही आहे ते नीट लावून द्या, मग सगळ्यांना क्षमा करा आणि क्षमा मागा, आणि त्यानंतरच नजर देवाकडे वळवा, असा त्याचा क्रम आहे. सातबारा आधी, स्वर्ग नंतर. मरण म्हणजे अरुंद वाटेने होणारा जन्म आहे, बाळालाही बाहेर येताना असेच कोंडल्यासारखे होते, असेही त्याने त्यात म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत हे मला महत्त्वाचे वाटते.

या परंपरेच्या मुळाशी स्वतः येशूचे मरण आहे आणि ते शांत नाही. सॉक्रेटिसाने विषाचा पेला घेतला तेव्हा रडणाऱ्या मित्रांनाच त्याने दटावले. येशू गेथशेमानेच्या बागेत घामाघूम झाला, हा पेला टळो असे त्याने मागितले, मित्रांना जागे राहा म्हणाला आणि ते झोपले. लाजराच्या कबरेपाशी तो रडला होता. वधस्तंभावर तर देवाने आपल्याला का टाकले असे त्याने विचारले. आमच्या मराठी चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन बसून क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन करण्याची रीत आहे. लहानपणी मला ते तीन तास संपता संपत नसत. मार्चअखेरचे नाहीतर एप्रिलचे नागपुरी ऊन, वर पंखे, आणि एकामागून एक वक्ता. मोठेपणी लक्षात आले की हा दरवर्षीचा सरावच आहे. त्या सात उद्गारांत मारणाऱ्यांसाठी क्षमा आहे, शेजारच्या क्रुसावरच्या चोराला दिलेला शब्द आहे, तहान आहे, आणि आईची सोयही आहे. प्राण जात असताना त्याने आपली आई एका शिष्याच्या हवाली केली. माझ्यामागे आईकडे कोण पाहील, हा प्रश्न तिथेही आधी सोडवावा लागला.

म्हणून ख्रिस्ती तयारी म्हणजे निर्भय होणे, असे कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. संत पौलाने मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे. संत फ्रान्सिसाने 1226 मध्ये अंथरुणावर असताना त्याच मरणाला बहीण म्हणून हाक मारली. दोघेही आमचेच, आणि दोघांपैकी कुणालाही आम्ही खोटे पाडलेले नाही. शत्रूही आणि बहीणही. ज्याच्या घरात कुणी हळूहळू गेले आहे त्याला यात विसंगती वाटणार नाही.

आता आपल्या मराठी घरांकडे येऊ. कवी नारायण वामन टिळकांचे नागपूरशी नाते जुने आहे. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे राहिले. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊकच आहे. टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांकडे मात्र आपण कमी पाहतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पोटापाण्याचे काय, हा लक्ष्मीबाईंचा प्रश्न त्या वेळीही खरा होता. संन्यास टिळकांनी घेतला, संसार लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला, हे टिळकांच्या प्रेमात असलेल्या माझ्यासारख्या माणसालाही म्हणावे लागते. आपल्याकडची थोर पुरुषांची तयारी पुष्कळदा बायकांच्या खर्चाने झालेली असते.

या घरात मरण दोन वेगवेगळ्या चालींनी आले. टिळकांच्या घरी काही काळ मुलासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे 28 च्या आत. एका क्षणात सगळे संपले. मागे कविता राहिल्या, कित्येक अपुऱ्या. आणि एक वर्षानंतर, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईला जे. जे. रुग्णालयात वारले, ते आपल्यामागे काय करायचे हे सांगून. देहाला अग्नी द्यावा आणि रक्षा नगरला न्यावी, अशी त्यांची इच्छा होती. 1919 सालच्या ख्रिस्ती माणसाने दहन मागणे म्हणजे केवढे धाडस! तेव्हा ख्रिस्ती म्हटले की दफन, दुसरा पर्याय फारसा कुणाच्या मनात येत नसे. कॅथलिक चर्चने दहनाला मोकळीक दिली ती 1963 मध्ये. टिळकांना आपण ख्रिस्ती झालो म्हणून परके झालो नाही, हे आपल्या देहानेही सांगायचे होते असे मला वाटते. आणि ते सांगता आले, कारण वेळ मिळाला आणि तो वेळ त्यांनी बोलण्यात घालवला.

त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले. ते लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने त्यात 64 अध्यायांची भर घातली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्याही गेल्या, आणि ते महाकाव्य 1938 मध्ये छापून आले. मरणाआधी सगळे काम संपवले पाहिजे, हा हट्ट ज्यांना असेल त्यांनी या घराकडे पाहावे. काम संपत नाही. ते कुणाच्या हाती द्यायचे एवढेच आपल्या हाती असते, आणि कित्येकदा तेही नसते.

पंडिता रमाबाईंना हे दुसरे दुःखही भोगावे लागले. त्यांची मरणाशी ओळख फार लवकर झाली होती. दुष्काळात भटकत असताना आधी वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग बहीण अशी माणसे गेली. उपासमार असह्य होऊन वडिलांनी जलसमाधीचा विचार केला होता, तोही रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. त्या आधी वडिलांनी लाडक्या लेकीला जवळ घेऊन तिला देवाच्या हाती सोपवल्याची आठवण त्यांना जन्मभर पुरली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आपल्यामागे लेक मनोरमा आहे हा त्यांना आधार होता, तर 24 जुलै 1921 रोजी मनोरमाच गेली. आई मागे राहिली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्या बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. मनोरमा गेल्यावर उरलेले काही महिने त्यांनी त्याच कामात घातले, मुद्रिते तपासली, आणि 5 एप्रिल 1922 च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडले, ते मुक्तीतल्या बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांतून. झोपेत जाण्याचे जे मरण आपण मागतो ते रमाबाईंना मिळाले खरे. पण ते अकस्मात म्हणता येईल का?

याच शहरात, इथून जवळच असलेल्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी झालेल्या धम्मदीक्षेबद्दल नागपूरकरांना सांगायला नको. पुढच्या दोन महिन्यांच्या आत डॉ. आंबेडकर गेले, आणि जाण्याच्या आदल्या रात्रीही ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद पाहत होते. धर्म वेगळा, पण आपल्याजवळ किती दिवस आहेत हे ठाऊक असलेल्या माणसाची घाई तीच.

ठाऊक असलेल्या, असे मी म्हटले. आजच्या घराघरांतला सगळ्यांत मोठा अडथळा नेमका इथे आहे. ज्याला मरायचे आहे त्यालाच आपण ते कळू देत नाही.

मी चर्चच्या वतीने आजाऱ्यांना भेटायला जातो. एका घरातले वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. दाराशीच मुलीने मला थांबवले. काका, बाबांना सांगितलेले नाही, अल्सर आहे म्हणून सांगितले आहे, तुम्ही प्रार्थनासुद्धा बेतानेच करा. आत गेलो. ते इकडचे तिकडचे बोलले आणि मग म्हणाले, छिंदवाड्याला माझा भाऊ आहे, घराच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे, त्याला एकदा बोलवा म्हणतो. बाहेर आल्यावर मी मुलाला सांगितले. तो म्हणाला, काका एकाएकी आले तर बाबांना संशय येईल. भावाला कळवले गेले ते दफनाच्या दिवशी. तो आला, पेटीजवळ उभा राहिला आणि मुठीतली माती टाकून निघून गेला. त्या मुलांचे वडिलांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? रात्रंदिवस केले त्यांनी. पण जी एक गोष्ट वडील मागत होते तीच त्या प्रेमाने अडवली.

कॅथलिक घरांत याचे आणखी एक रूप दिसते. आजाऱ्याला तेल लावून करायचा संस्कार पूर्वी अगदी शेवटच्या घटकेला देत, म्हणून फादर घरात आले की आजारी माणसाच्या पोटात गोळा येई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले की हा संस्कार मरणाच्या दारातल्यांसाठी राखून ठेवायचा नाही, तो आजाऱ्यांचा संस्कार आहे. 1972 मध्ये त्याचा विधीही नवा झाला. इतकी वर्षे उलटली, तरी आजही घरचे म्हणतात, फादरना इतक्यात नको, बाबा घाबरतील. मग बाबांची शुद्ध हरपते आणि धावपळ करून फादरना आणले जाते. ज्याच्यासाठी विधी त्याला तो कळतच नाही. जपमाळेवर दिवसाला पन्नास वेळा आपण मरियेला दोनच वेळांसाठी प्रार्थना करायला सांगतो, आताची वेळ आणि मरणाची वेळ. त्यांतली दुसरी आली की तिचे नाव काढायला घरात बंदी.

कुणाच्या तोंडावर एकदम निदान फेकावे असे मी म्हणत नाही. किती, कधी, कोणत्या शब्दांत, हे माणसागणिक ठरेल. पण विचारले तर खोटे सांगू नये, आणि विचारायला जागा ठेवावी. माझी आजच्या व्याख्यानातली मागणी खरे तर एवढीच आहे. ख्रिस्ती परंपरेने मरणाऱ्याला कर्ता मानले होते. क्षमा तो करी, निरोप तो घेई, आशीर्वाद तो देई, खाटेभोवतीचे बाकीचे लोक त्याला साथ देत. आपण त्याला रुग्ण केले, आणि रुग्णाने फक्त गोळ्या घ्यायच्या असतात.

आता उपचारांचे. इथून वर्धा दूर नाही. पवनारला नोव्हेंबर 1982 मध्ये विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले आणि 15 तारखेला देह ठेवला. 'ख्रिस्त-धर्म-सार' संकलित करणाऱ्या त्या माणसापुढे मी नतमस्तक आहे. तरी माझ्या परंपरेची वाट तिथे वेगळी होते. आयुष्य आपल्या मालकीचे नाही, म्हणून ते संपवण्यासाठी अन्न सोडणे ती मान्य करत नाही. मात्र याचा अर्थ वाटेल ती किंमत देऊन श्वास लांबवत राहावा, असाही नाही, आणि हे पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही माहीत नसते. 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की साधे उपचार घेणे हे कर्तव्य, असाधारण उपचारांची सक्ती नाही. व्हेंटिलेटर घरोघरी बोलण्यात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नको म्हणणे म्हणजे मारणे नव्हे. आणि बरे करता येत नसले तरी वेदना कमी करता येतात. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना हे बरे न होणाऱ्या कर्करुग्णांचे घर चालते. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स काढले, त्याच मार्गातले हे भारतातले पहिले. तिथे आयुष्याचे दिवस वाढवायचा आग्रह नाही, मिळालेला दिवस वेदनेत जाऊ नये याचा आहे.

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत आता बराच पुढे आला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1973 पासून बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी उपचार थांबवण्याचे दार किलकिले केले. 9 मार्च 2018 रोजी, मला असे असे झाले तर अमुक उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला. आधीची पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी केली गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

मालमत्तेचे म्हणाल तर लूथरने जे 1519 मध्ये सांगितले ते प्रतापनगरात 500 वर्षांनीही तसेच लागू आहे. फ्लॅट, मुदत ठेवी, शेअर्स. नॉमिनी लावला की झाले, असे अर्ध्या सभागृहाला वाटत असेल. तसे नाही. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या वारसांतल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी निर्वाळा दिला की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. ज्यांनी घराघरांत मुहूर्त पोचवले त्यांच्या घरचा तंटाही दिल्लीपर्यंत गेला, तर आपली काय कथा?

ख्रिस्ती माणसाच्या इच्छापत्राबाबत आणखी एक गंमत होती, आणि आधी म्हटले त्या संशयाशी तिचा संबंध आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 118 असे सांगे की जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्याला किंवा दानाला काही लिहून ठेवले, तर ते इच्छापत्र मरणाआधी किमान बारा महिने केलेले असले पाहिजे. नाहीतर ते दान रद्द. धर्मगुरू मरणाऱ्याला नरकाची भीती घालून मालमत्ता लिहून घेतील, हा इंग्रज कायदेकर्त्यांचा संशय. जॉन वल्लमट्टम या केरळच्या कॅथलिक फादरांनी त्याला आव्हान दिले आणि 21 जुलै 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम समानतेच्या विरुद्ध म्हणून रद्द केले. निकाल योग्यच झाला. पण संशय आकाशातून पडला नव्हता. मरणाऱ्याच्या भीतीवर चर्चने एके काळी पैसा उभा केला आहे, आणि भीतीने करून घेतलेल्या तयारीला मी तयारी म्हणत नाही.

दफन की दहन, या प्रश्नाचेही घरात एकदा बोलून ठेवावे. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सर्वांचे दहनच करण्याचा आदेश काढला आणि त्याच दिवशी तो बदलला. वांद्र्याच्या दफनभूमीवरून वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा 22 मेच्या निकालात न्यायालयाने सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या दिवसांत ज्या घरांत आधी बोलणे झाले होते तिथे निदान एक प्रश्न कमी होता.

व्याख्यान संपल्यावर चहा आहे असे संयोजकांनी सांगितले आहे, तेव्हा फार ताणत नाही. आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा असे सांगण्याचा मोह मी टाळतो, एकच सांगतो. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला फोन करा. छिंदवाडा इथून तीन-साडेतीन तासांवर आहे. आणि कागदांचे म्हणाल, तर इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, उपचारांच्या लेखी सूचनांनाही दोनच लागतात. ज्याला आपल्याकडून काही मिळायचे आहे अशी व्यक्ती साक्षीदार नसलेली बरी. तुमच्या डाव्या आणि उजव्या हाताला बसलेल्या माणसांना त्यासाठी आज चहाच्या वेळीच विचारा.